दोन खांबी लिफ्टआधी जमीन पाहावी

कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या आपल्या गॅरेजात शहाबादी फरशीवरच दोन खांबी लिफ्ट (दोन उभ्या खांबांमध्ये गाडी उचलणारे यंत्र) बसवता येईल का, या प्रश्नावर आतापर्यंत चर्चा झाली ती लिफ्ट किती टन उचलते याचीच. माझ्या मते पहिला विचार जमिनीचा व्हावा. अशा लिफ्टचा सारा भार दोन तळपट्ट्यांवर येतो आणि गाडीचे वजन पुढेमागे सरकले की खांब जमिनीला घट्ट धरणारे अँकर बोल्ट उपटण्याइतका ताण पडतो. म्हणून फरशी काढून, उत्पादकाने सांगितलेल्या जाडीचे व प्रतीचे काँक्रीट घालून ते 28 दिवस पक्के होऊ द्यावे. खाली काळी माती लागल्यास, ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा ती उकरून मुरूम भरून चोपणे आवश्यक आहे. छत बुटके असल्यास सिझर लिफ्ट (गाडीच्या पोटाखाली कात्रीसारखी उघडून तिला उचलणारी) बरी, गिअरबॉक्स उतरवताना ती अडचणीची ठरते, पण चाके व ब्रेकच्या कामाला पुरते. कोणतीही लिफ्ट वापरताना तिचे टेकू देणारे पॅड गाडीच्या ठरलेल्या जॅक पॉइंटखालीच (उचलण्यासाठी मजबूत केलेल्या जागांखालीच) लावावेत, चाके जमिनीपासून वीतभर उचलताच गाडी हलवून पाहावी आणि हव्या त्या उंचीवर नेल्यावर तिचा भार हायड्रॉलिक (तेलाच्या) दाबावर न ठेवता यांत्रिक लॉकवर टेकवूनच खाली शिरावे.