मॅग्नेशियम किरकोळ नाही, भाऊ

तुम्ही लिहिलंत, ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मिळून शरीराचं ९६ टक्के वजन, बाकीची मूलद्रव्यं किरकोळ. ९६ टक्के हे तुमचं बरोबर. पण बाकीच्यांना 'किरकोळ' म्हणू नका. आमच्या वावरात बोंडं भरताना पऱ्हाटीची खालची पानं लाल पडली. शिरा मात्र हिरव्याच. लाल्या! म्हणजे कपाशीची पानं लाल पडायचा रोग. थंडी, तुडतुडे, नत्राची कमी, कारणं बरीच. पण मॅग्नेशियमची कमतरता त्यातलं मोठं कारण. पानाला हिरवं करणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत अणूंचं एक गोल कडं असतं, त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एकच अणू असतो. तो कमी पडला की झाड जुन्या पानांतला काढून कोवळ्यांना देतं, म्हणून लाली खालून वर चढते. जवळपास तशाच कड्यात लोह बसलं की झालं आपल्या रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन धरणारा भाग. माणसाच्या अंगात लोह जेमतेम ३-४ ग्रॅम, पण तेवढ्यातही तूट आली की निंदणाला गेलेल्या बाईला अर्ध्या तासात धाप लागते.