एक दिवस, जुन्नर साइड, सोबत आई आणि दोन पोरं. काय काय जमेल?

कर्वेरोडकर
नमस्कार मंडळी, जानेवारीतला एखादा रविवार फॅमिलीला घेऊन पुण्याबाहेर पडायचा विचार आहे. रिसॉर्ट, वॉटरपार्क नको, दर वेळी पोरं पाण्यात आणि आपण जेवणाच्या कूपनच्या रांगेत. मुलगी चौथीत आहे, शाळेत महाराजांचा इतिहास चालू आहे त्यामुळे शिवनेरी बघायचाच म्हणून हटून बसलीय, धाकटा पाच वर्षांचा, त्याला नुसता ट्रॅक्टर दिसला तरी खूश. आई ७२ ची, गुडघ्यांचं दुखणं आहे पण लेण्याद्रीचा गणपती करायचाय म्हणते, आणि बायकोला हुरडा. मी लिस्ट काढलीय: शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, खोडदची दुर्बीण, येताना हुरडा. सकाळी सहाला निघून रात्री नऊपर्यंत घरी. जमेल ना?

कुकडीकाठ
दादा राग मानू नका पण एवढ्या लिस्टमध्ये तुमची पोरं जुन्नर तालुका फक्त गाडीच्या काचेतून बघतील 😀 माझं गाव तिकडंच आहे म्हणून सांगतो, दोन ठिकाणं धरा, तिसरं जमलं तर जमलं.

शिवनेरी सकाळी पहिला. पायथ्यापर्यंत गाडी जाते, पुढं पायऱ्यांची वाट आहे, सात दरवाजे लागतात. पोरीला एकेक दरवाजा मोजत नेली तर चढ कळतसुद्धा नाही. शिवाई देवीचं देऊळ, जन्मस्थानाची इमारत, गंगा-जमुना टाकी, कडेलोट हे सगळं निवांत बघायला दोन-तीन तास धरा. कडेलोटाकडं धाकट्याचा हात सोडू नका. साखळीची वाट पोरं घेऊन अजिबात नको, कुणी कितीही सोपी आहे म्हणालं तरी. आणि १९ फेब्रुवारीच्या आसपास येऊ नका, शिवजयंतीला गडावर पाय ठेवायला जागा नसते.

आईंना गडावर ओढू नका, तोवर त्यांचं काय करायचं तेवढं ठरवा. ओझर त्यांच्यासाठी बेस्ट, अजिबात चढ नाही, कुकडीच्या काठावर देऊळ आहे, सावलीत बसता येतं.

माई_सदाशिवपेठ
ओझर ठीक आहे पण त्यांना लेण्याद्री करायचाय ना, मग तोच करू द्या की! अष्टविनायकातला डोंगरावरचा हा एकच. पायऱ्या जवळजवळ तीनशे आहेत पण डोली मिळते, माझ्या सासूबाई डोलीतूनच गेल्या होत्या, आधी लाजत होत्या आणि वर पोहोचल्यावर सगळ्यांना तेच सांगत सुटल्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. गणपती लेण्यातच आहे, केवढा मोठा मंडप आणि आत एकसुद्धा खांब नाही, मुलीला मुद्दाम दाखवा. आजूबाजूची बाकीची बौद्ध लेणी पण बघा, लोक दर्शन घेऊन तसेच उतरतात. माकडं फार आहेत तिथे. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की गेलीच, प्रसादाचा नारळ पर्समध्ये ठेवा.

अँटेना_बाबा
खोडद रविवारी लिस्टमधून काढा. ती काही बाग नाही, टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) चालू वेधशाळा आहे, आत जायला आधीच परवानगी घ्यावी लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, त्यातल्या १४ मधे एकत्र आणि बाकीच्या वाय आकारात पार २५ किमीपर्यंत पसरलेल्या, त्यामुळे नारायणगाव भागात शेतातून जाताना एखादी अचानक दिसतेच आणि पोरं ओरडतात. ही दुर्बीण डोळ्याने बघायची नसते, आकाशातल्या रेडिओ लहरी पकडते, म्हणून मोबाईलचा सुद्धा तिला त्रास. खरं बघायचं तर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला जा, तेव्हा प्रदर्शन असतं, गावोगावच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात आणि तीच समजावून सांगतात. चौथीच्या मुलीला त्यात जास्त मजा येईल असं माझं मत.

खादाड_नऱ्हे
हुरड्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून. डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी हाच सीझन, तुमचा टायमिंग करेक्ट आहे. फक्त जागा बघून निवडा हो, मागे आम्ही एका ठिकाणी गेलो तर डीजे, रेन डान्स, आणि हुरडा वाटीत घालून आणून दिला, गार! हुरडा आगटीजवळ, म्हणजे भाजायच्या विस्तवाजवळ, बसूनच खायचा. गोवऱ्यांच्या आरात कणसं खोचतात, भाजली की तळहातावर चोळून फुंकर मारायची, तूस उडतं आणि खाली हिरवे गरम दाणे राहतात, त्यावर शेंगदाण्याची चटणी नाहीतर दही. पोरांना स्वतः चोळायला द्या, हात काळे होतील, होऊ देत. फोन करताना एवढंच विचारा की ज्वारी तुमच्याच रानातली का आणि आगटी समोर पेटवता का. गडबडले तर फोन ठेवून द्या.

दुपारी जेवायला मासवडी-रस्सा सांगा. बाहेरून कुणी आलं की नाव ऐकून दचकतं पण प्युअर व्हेज आहे, बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण. आईंना तिखट कमी करायला आधीच सांगा, रस्सा झणझणीत असतो.

निवांत
एवढं लांब कशाला, भिगवणला जा ना! उजनीच्या बॅकवॉटरला आत्ता फ्लेमिंगो आलेत, कुंभारगावातून होड्या मिळतात. पहाटे निघा.

कुकडीकाठ
@निवांत भिगवण पण पुण्यापासून शंभरच्या आसपासच आहे हो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला होडीत चढवणं-उतरवणं डोलीपेक्षा अवघड. पोरांसाठी भारीच आहे पण त्यांची मुलगी शिवनेरीवर अडलीय.

नाणेघाट ह्या वेळी सोडा. जुन्नरपासून तीसेक किमी आत आहे, परत यायला तेवढंच. पुढच्या वेळी फक्त त्याच्यासाठी या, गाडी जवळपास वर जाते, दगडी रांजण आईंनाही बघता येईल. खाली गुहेत सातवाहनांच्या नागणिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञात किती गायी, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दान दिले ते आकड्यांत कोरलंय. पोरीला ते दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे दाखवा, गणिताचं पुस्तक घेऊन बसवण्यापेक्षा बरं.

अजून एक, हा सगळा उसाचा पट्टा आहे आणि बिबट्या इथंच राहतो, घाबरवत नाहीये पण अंधार पडायच्या वेळी पोरांना उसाच्या कडेला खेळायला सोडू नका. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण ते प्राणिसंग्रहालय नाही, बघायला मिळेल असं पोरांना आधी कबूल करू नका.

कर्वेरोडकर
बापरे, धन्यवाद सगळ्यांना! मग असं: साडेपाचला निघायचं म्हणजे चाकण मोकळं मिळेल, मी पोरांना घेऊन शिवनेरी, बायको आणि आई तोवर ओझरला, ड्रायव्हर घेतो त्यासाठी. मग सगळे लेण्याद्रीला, आई डोलीत. जेवण, आणि चारला नारायणगावजवळ हुरडा. खोडद २८ फेब्रुवारीला बघू. पण दुपारच्या उन्हात लेण्याद्री नको ना?

माई_सदाशिवपेठ
उलटं करा. सकाळी आधी सगळे लेण्याद्री, ऊन व्हायच्या आत, मग तुम्ही शिवनेरी. जुन्नरहून दोन्ही जवळच आहेत. शिवनेरीवर वाटेत झाडं आहेत, लेण्याद्रीच्या पायऱ्या तापतात. आणि डोलीचे पैसे खालीच ठरवा, जाऊन-येऊन.

कर्वेरोडकर
डन. आईला आत्ता सांगितलं, म्हणाली डोलीचा फोटो काढायचा नाही.