साक्षीदार ‘फितूर’ झाला म्हणजे नक्की काय झालं?

उदगीरकर :
आमच्याकडं रात्री वकिलांची सिरियल सगळे मिळून बघतेत, हुंडा, पोटगी, ॲट्रॉसिटी असले विषय असतात म्हणून मीही बसतो. परवा गावातल्या एका बाईनं साक्ष फिरवली तर वकीलसाहेब ओरडले, ‘मिलॉर्ड, साक्षीदार फितूर झाली!’ फितूर म्हणजे शत्रूला मिळालेला, किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा, असंच आपण शाळेत वाचलं की. कोर्टात पण तोच अर्थ घ्यायचा का? होस्टाईल म्हणतेत ते हेच का?

कोर्टातली :
हो, होस्टाईललाच पेपरवाले फितूर लिहितात, पण कायद्याच्या कलमात ना होस्टाईल आहे ना फितूर. जुन्या पुरावा कायद्यात कलम 154 होतं, आता 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात 157. तिथं एवढंच आहे की ज्यानं साक्षीदार बोलावला त्यालाच कोर्ट, समोरचा वकील उलटतपासात विचारतो तसले प्रश्न आपल्याच साक्षीदाराला विचारायची परवानगी देऊ शकतं. सिरियलमधे साक्ष फिरली की केस संपते, खरं तसं नाही, अशा साक्षीतला विश्वास ठेवण्यासारखा भाग कोर्ट घेऊ शकतं.

मग सरकारी वकील पोलिसांपुढचा जबाब काढून एकेक वाक्य विचारतात आणि खाली टाईप होत जातं, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीशी संगनमत करून खोटी साक्ष देत आहे.’ साक्षीला उभी असलेली बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच ‘नाही’ म्हणते. तिचा नवरा आरोपीच्याच शेतात सालगडी असला, पोरीचं लग्न त्याच भावकीत ठरलेलं असलं, तर तिला फितूर म्हणायचं? मला ते अजिबात पटत नाही. पैसे खाऊन पलटणारेही असतात, त्यांना म्हणा की खुशाल, पण भ्यालेल्या माणसाला गद्दारीचा शब्द लावायचा म्हणजे अन्यायच झाला. साक्षीदारांना संरक्षण द्यायची योजना सुप्रीम कोर्टानं 2018 सालीच मंजूर केली, सिरियलवाल्यांनी त्यावर एक भाग करावा, लई लोकांच्या कामाला येईल.

पैठणगेट :
आमच्या औरंगाबादेत उर्दू बोलणारे ‘दिमाग का फितूर’ म्हणतात, म्हणजे डोक्यातलं खूळ, बिघाड. तिथं गद्दारीचा संबंधच नाही. मराठीत तो शब्द बंड, कट, दगा ह्या अर्थानं रुळला.

उदगीरकर :
मग आपण बोलताना काय म्हणावं?

कोर्टातली :
आमच्या व्हरांड्यात ‘साक्षीदार उलटला’ नाहीतर ‘पलटला’ म्हणतात. काय झालं ते कळतं आणि का झालं ते कुणी आधीच ठरवून टाकत नाही. मी तेच वापरते. आणि हो, तालुक्याच्या कोर्टात मिलॉर्ड कुणी म्हणत नाही, सर नाहीतर मॅडम.