बढती नाकारली म्हणजे नोकरीत मन नाही?

लग्नानंतर बायका बढती नाकारतात, म्हणजे नोकरीत त्यांचं मन उरत नाही, हे मत मला अजिबात पटत नाही. आमच्या जळगावच्या कार्यालयात बढतीसोबत बहुधा बदली येते. नंदुरबारच्या डोंगराळ भागातलं धडगाव नाहीतर अक्कलकुवा मिळालं की पुरुष सहकारी तिथे खोली घेऊन राहतो, शनिवारी घरी येतो. मागे पोरांचा अभ्यास, सासूसासऱ्यांची औषधं, नात्यातली लग्नं सगळं बायको निभावते. बाईला बढती मिळाली की मात्र ‘घर कोण पाहील?’ हे आधी विचारतात. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी याच कारणाने बढती सोडली, आणि मार्चअखेरीला सगळ्यात उशिरापर्यंत बसतात त्याच!

अजून एक गोष्ट सांगायला हवी. राज्य शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली. महिला कर्मचाऱ्यांना ती मिळते. पुरुषाला मात्र पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. बायको धडधाकट असताना बापालाही मुलासाठी रजा लागू शकते, हे नियमाने धरलेलंच नाही. ही अट आधी काढायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.