फ्रँकलिनच्या वचनाची जुनी बशी: तपकिरी डाग कसे काढावेत?

प्रश्न (रत्नागिरी): मुलांची बशी, साडेसहा इंची. काठाला उठावाची फुलं, मध्ये काळं चित्र, खाली बेंजामिन फ्रँकलिनचं आळसाविरुद्धचं वचन. झिलईला बारीक तडे, त्यांत तपकिरी डाग. ब्लीच चालेल? मागे शिक्का नाही.

देवगडकर: ब्लीच अजिबात नको! क्षार तड्यांतून आत मुरतात, सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि झिलईचे पोपडे सुटतात. काळा छाप बहुधा झिलईखाली असतो, पण अशा बश्यांवर लाल-हिरवे फटकारे असले तर ते झिलईवरून मारलेले; ओला बोळा कोपऱ्यात हलकेच टेकवून बघा. रंग उतरला तर तिथेच थांबा. नाहीतर बशी डिस्टिल्ड पाण्यात दोन दिवस ठेवा, पाणी रोज बदला. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा कापूस फक्त डागावर, वर प्लास्टिक. शेवटी पुन्हा साध्या डिस्टिल्ड पाण्यात. हे काम पावसाळ्यात काढू नका, आपल्याकडे बशी आतून सुकतच नाही.

वेंगुर्ला: अशा बश्या मुख्यतः इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर १८९१पासून बनवणाऱ्या देशाचं नाव सक्तीचं झालं, पण शिक्का नाही म्हणजे जुनीच, असं नव्हे. भिंगाखाली सारख्या रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर नवी नक्कल समजा.

देवगडकर: आणि त्यात खाऊ देऊ नका, झिलईत शिसं असतं.