नमनाच्या गौळणीत विरहिणी: युरोपातल्या दरबारी प्रेमगीतांशी नातं किती?

खाडीकाठ (संगमेश्वर)
नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, गण झाला की गौळण. यंदा पेंद्या-मावशीच्या थट्टेआधी एक विरहिणी (विरहातल्या बाईचं गाणं) घालायची आहे. देवाला प्रियकराची भाषा लावणं ही आपलीच रीत, की मध्ययुगात युरोपातल्या दरबारी कवींचीही? आणि गाणं लावणीकडे झुकू नये म्हणून काय सांभाळायचं?

ओवीकार
त्यांचीही, पण उलट्या बाजूने. दक्षिण फ्रान्सचे त्रुबादूर (दरबारी कवी-गायक) प्रेयसीला 'मिदोन्स' म्हणत, म्हणजे 'माझे धनी'. बाई वर, कवी चाकर. तीच चाकरी मग येशूची आई मेरी हिच्या पायाशी आली. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो (१२५२–८४) याच्या दरबारात मेरीची चारशेवर गाणी झाली, त्यांत तो स्वतःला तिचा त्रुबादूर म्हणवतो. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे काळ जवळजवळ तोच. पण विरहिणीत ज्ञानदेव चाकर होत नाहीत, बाई होतात.

दर्यावर्दी (मालवण)
बाईच्या तोंडून गाणारे तिकडेही होतेच की! गालिसियातली (स्पेनचा वायव्य कोपरा) 'कांतिगास दे आमिगो', म्हणजे सख्याची गाणी, पुरुषांनी रचलेली, बोलणारी मात्र मुलगी. त्यांतल्या मार्तिन कोदाक्स या कवीची सात गाणी उरलीत, सहांची चालही. त्यांत ती वीगो बंदराच्या लाटांना विचारते, माझा सखा दिसला का? सखा मात्र देव नाही, सखा म्हणजे सखाच.

मृदुंग_लांजा
बरोबर, नुसत्या बाईच्या आवाजाने भक्ती येत नाही. जैन पंडित हेमचंद्राच्या व्याकरणात (बारावं शतक) अपभ्रंश भाषेतला एक दोहा आहे: कावळा उडवताना विरहिणीला अचानक नवरा दिसतो. विरहाने हात वाळलेला, म्हणून अर्ध्या बांगड्या गळतात. आनंदाने हात भरतो, म्हणून उरलेल्या तडकतात. ज्ञानदेवांच्या विरहिणीतही कावळाच शकुन सांगतो, फक्त येणारा पंढरीचा राणा.

तेव्हा बसवताना कृष्णाचं नाव धृपदातच घ्या. शेवटच्या कडव्यापर्यंत लांबवलंत तर तोवर शिट्ट्या सुरू. कडवी तीनच. कावळा, चांदणं, बांगड्या यांवर बोला. अंगाचं वर्णन आलं की लावणी झालीच. राधेने सखीकडे बघून गायचं, प्रेक्षकांशी नजर मिळवायची नाही. पहिल्या कडव्याला झांज बंद आणि मृदुंग ठायीत (संथ लयीत). दुगण (दुप्पट लय) धरली की लोक ठेका धरतात आणि विरह गेला.

खाडीकाठ
कावळा घेतो. पण मावशी लगेच शिरली तर?

मृदुंग_लांजा
मध्ये दोन आवर्तनं नुसती झांज. राधा पाठमोरी होऊ दे, मग मावशी सोडा.