हॉल आणि स्वयंपाकघरामधली नऊ इंची भिंत काढून लोखंडी गर्डर टाकावा का?

कृष्णाकाठ:
कराडात बाबांनी १९८४ साली बांधलेलं घर आहे. तळमजला आणि वर एक. कॉलम एकही नाही, सगळा भार विटांच्या नऊ इंची भिंतींवर. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत, बारा फूट, काढायची आहे. गणपतीत चाळीस पानं असतात आणि पंगत दोन खोल्यांत मोडते. आई वाढायला येते ती वळसा घालून. ठेकेदार म्हणतो, "गर्डर टाकू, चार दिवसांत मोकळं." नातेवाईक म्हणतात भिंतीला हात लावू नका. माझं मत ठेकेदाराच्या बाजूने आहे. पेठेत किती घरांच्या पुढच्या भिंती काढून, गर्डर टाकून शटरं बसवली आहेत! वर्षानुवर्षं उभी आहेत. लोखंड विटेपेक्षा कधीही भक्कमच की.

थापी:
अजिबात नको. सांगतो का ते. आमच्याकडे अशीच दहा फुटी भिंत काढली. गर्डर छान जाड होता. टेकू काढले आणि तिसऱ्या दिवशी वरच्या बेडरूमचं दार लागेना. मिस्त्री म्हणाला लाकूड फुगलं असेल. एप्रिल महिना! रंधा मारून दार लावलं, मग चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली, नखाएवढी. आजही आहे, दर दिवाळीला पुट्टी भरतो. २०१७ च्या जुलैत घाटकोपरची चार मजली इमारत पडून १७ माणसं गेली, तेव्हा तिथे तळमजल्यावर फेरबदलच चालले होते. घर बोलत नाही म्हणून त्याला काही होत नाही असं नसतं.

रिकामटेकडा:
पंगत अंगणात घाला. विषय संपला.

ओळंबा:
थापी, तुमच्या दाराचं कारण गर्डर नव्हे, तो बसवण्याची पद्धत. कुठलीही तुळई, म्हणजे गर्डरसुद्धा, भार आल्यावर थोडी लवतेच. वरची विटांची भिंत लवत नाही, ती तडकते. म्हणून टेकू काढायच्या आधी तुळई आणि स्लॅब यांच्यामधल्या फटीत पोलादी पाचरी ठोकून किंवा जॅक लावून तुळईवर थोडा भार आधीच घ्यायचा, मग फटीत न आकसणारा ग्राउट, म्हणजे सिमेंटचा भराव, ठासायचा. तुमच्याकडे बहुतेक नुसता ओला माल लिंपला असणार. तो सुकताना आकसला, स्लॅब तेवढी खाली आली.

कृष्णाकाठ, ठेकेदाराने गर्डर कुठला ते सांगितलं का? माझा ढोबळ हिशोब देतो. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे आणि दोन्ही बाजूच्या खोल्या साधारण बारा फुटी आहेत असं धरलंय. नुसती वरची भिंत एका फुटाला चारशे किलोच्या वर. तिच्यात मधली स्लॅब, गच्ची आणि माणसं-सामान मिळवलं की फुटाला पावणेदोन टन. बारा फुटांना वीस टनांच्या वर. एक आयएसएमबी ३००, म्हणजे ३०० मिलिमीटर उंचीचा आय आकाराचा पोलादी गर्डर, यात जेमतेम बसतो, मी दोन आयएसएमबी २५० जोडून टाकीन. पण खरी गोची टोकांना आहे. प्रत्येक टोकाला दहा टन, आणि ते तुम्ही नऊ इंची विटेवर नऊ इंच टेकवणार? जुनी वीट चुरा होईल. खाली वजन पसरवायला निदान दोन फूट लांबीचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे बेड ब्लॉक, हवा. ठेकेदार बेड ब्लॉकचं नाव काढत नसेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

कृष्णाकाठ:
पण शटरवाल्या घरांचं काय? तिथे कुणी हिशोब केला होता?

ओळंबा:
नसेल केला. उभी आहेत ती वरून खाली येणाऱ्या वजनाला पुरून उरतात म्हणून. आडव्या धक्क्याची परीक्षा अजून व्हायची आहे. तुम्ही कोयनेपासून किती लांब आहात? ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाबद्दल घरातल्या थोरल्यांना विचारा. भूकंपात घर हलतं तेव्हा त्या दिशेच्या भिंतीच त्याला धरून ठेवतात. तुम्ही मधली अख्खी भिंत काढलीत तर तो धरणारा हात गेला. दोन टोकांवर नुसता टेकलेला गर्डर वजन घेईल, घराला डुलण्यापासून अडवणार नाही. शिवाय लिंटलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीला काँक्रीटचा पट्टा असेल तर तोही तुम्ही कापताय.

थापी:
म्हणजे मी तेच म्हणत होतो ना? हात लावू नका.

ओळंबा:
नाही. मी म्हणतोय सगळी काढू नका. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट भिंत ठेवा, मधे सात फूट मोकळं. दोन आधारांमधलं अंतर बारावरून सातवर आलं की तुळईतला वाकवणारा जोर एक तृतीयांशावर येतो, कारण तो लांबीच्या वर्गाने वाढतो. बेड ब्लॉकला जागा मिळते, आणि धक्क्याला थोडी भिंत उरते. ती पुरते का, हे तुमच्याकडे येऊन पाहणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं, मी इथे बसून नाही. आणि भिंत फोडायच्या आधी स्लॅबला दोन्ही बाजूंनी टेकू, वरच्या भिंतीसाठी भोकं पाडून आडवे दांडे. ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोडा.

थापी:
चार दिवसांत होईल हे?

ओळंबा:
बेड ब्लॉकचं काँक्रीट पिकायलाच चार दिवस कमी पडतील.

रिकामटेकडा:
सात फुटांत पंगत बसते का, हा खरा प्रश्न.

कृष्णाकाठ:
ठेकेदाराला नकाशा आणि इंजिनिअरची सही मागितली. "इतक्या लहान कामाला सही कशाला" म्हणाला, तेव्हापासून फोन उचलत नाही. आईला सात फुटांचं सांगितलं. तिने खडूने जमिनीवर आखून घेतलं, पाट मांडून पाहिले, आणि म्हणाली, "वाढायला जाता येतंय ना, मग बास." उरलेल्या अडीच फुटांत फ्रिज बसतो म्हणते. शनिवारी इंजिनिअर येणार आहेत.